पोलो जीटीला नवा सायलेन्सर: उद्यमनगरातल्या कामाच्या नोंदी

गाडी: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१५ची. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. काम सुरू केलं तेव्हा मीटरवर ८२,४०० किमी. आपल्याच चाकणला तयार होणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. अशी गाडी आता नवी मिळायची नाही, म्हणून आहे ती जपायची, या विचारानं हे काम हाती घेतलं. कोल्हापुरात किंवा अशाच वर्कशॉपवाल्या गावात कुणी हेच करणार असेल तर त्याचे माझ्याइतके पैसे आणि दिवस जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

१ ऑक्टोबर २०२३

गेल्या दोन महिन्यांपासून थंड गाडी सुरू केली की मागून खुळखुळ यायची. आज रॅम्पवर चढवून पाहिलं. मागच्या डब्याची, म्हणजे सायलेन्सरची, शिवण गंजून दोन ठिकाणी भोकं पडली आहेत आणि आतला पत्रा सुटला आहे. मुठीनं ठोकलं तर भोकातून गंजाचा चुरा खाली पडतो. कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), बेलो (हादरे झेलणारा लवचीक जोड) आणि तिथपर्यंतचा पाइप मात्र ठणठणीत आहे.

ओरिजिनल डब्याचा भाव मजुरीसकट २१,००० सांगितला, वर तीन आठवडे थांबायचं. तेवढे पैसे जाणारच असतील तर चांगल्या स्टीलचा, थोडा मोकळा आणि थोडा गोड आवाजाचा डबा का बसवू नये, असं मनात आलं. गगनबावड्याच्या रस्त्याला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन फार सुंदर ओढतं, पण बोलत काहीच नाही. ते थोडं बोलावं एवढीच इच्छा.

७ ऑक्टोबर

काही उघडायच्या आधी आहे त्या गाडीची मोजमापं घेतली. सगळ्या कामात हा एक निर्णय पहिल्यापासून बरोबर ठरला.

केबिनमधला आवाज: फोन डाव्या सीटच्या हेडरेस्टला बांधला, काचा बंद, एसी बंद, हायवेचा एकच सपाट तुकडा, तीन फेऱ्या. ताशी १०० ला ६८ डेसिबल.

बाहेरचा आवाज: गाडी उभी करून ३,७५० आरपीएमला, टिपपासून (पाइपच्या मागच्या तोंडापासून) अर्धा मीटर लांब आणि ४५ अंशांच्या कोनात फोन धरून. पॉवर ५,००० आरपीएमला मिळते, त्याच्या पाऊणपट म्हणून ३,७५०. उभ्या गाडीचा आवाज मोजायची रीत तीच आहे. आकडा आला ८४.

ओढ: चौथ्या गिअरमध्ये मॅन्युअल मोडवर ६० ते १००, जीपीएसवर मोजून ७.१ सेकंद, चार वेळांची सरासरी.

१० ऑक्टोबर

पर्याय तीन. ओरिजिनल डबा, परदेशी कंपनीचं तयार किट, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घ्यायचं. किटचा भाव, कस्टम्स आणि वाहतूक धरून सव्वा लाखाच्या पुढे गेला. दहा वर्षांच्या आसपास आलेल्या गाडीला मी तो खर्च करणार नाही. शिवाय शिवाजी उद्यमनगरात लेथ, बेंडिंग, आर्गन वेल्डिंग सगळं दोन गल्ल्यांत मिळत असताना बाहेर कशाला जायचं?

व्हिडिओत आवाज ऐकून डबा निवडायचा नाही, हे आजच ठरवलं. फोनच्या माइकला खालच्या पट्टीतला आवाज नीट पकडता येत नाही, आणि सायलेन्सरचा खरा त्रास त्याच पट्टीत असतो. त्याऐवजी तीन ओळखीच्यांच्या गाड्यांत बसून हायवेवर फिरून आलो.

कायद्याचंही आजच वाचून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाज-प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे जोखीम आहे, आणि ती माहीत असूनच मी हे करतोय. स्वतःसाठी अटी घातल्या: कॅटकॉनला हात लावायचा नाही, बाहेरचा आवाज ओरिजिनलपेक्षा दोन-तीन डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, विमा कंपनीला लेखी कळवायचं, आणि जुनी लाइन (डबा आणि पाइप) कापून फेकायची नाही. समोरच्या घरात तीन महिन्यांचं बाळ आहे आणि मी पहाटे साडेपाचला गाडी काढतो.

१५ ऑक्टोबर

पाइपची जाडी-रुंदी ठरवण्यात दोन दिवस गेले. ज्याला विचारावं तो अडीच इंच सांगतो. १०५ पीएसच्या इंजिनाला अडीच इंची पाइप घातला तर पॉवर वाढत नाही, आवाज मात्र पोकळ आणि जाड होतो. मी सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिमी बाहेरचा व्यास आणि १.५ मिमी जाडी घेतली. आज पुन्हा निवडायचं झालं तर दोन इंचीसुद्धा चालला असता.

स्टील ३०४ (सहसा चुंबक न धरणारं स्टेनलेस) सांगून घेतलं. घरी आणून लोहचुंबक लावला तर सरळ नळीला टपकन चिकटला. म्हणजे ३०४ नव्हे, बहुतेक ४०९. ४०९ वाईट नसतं, कितीतरी कंपन्यांचे सायलेन्सर त्याचेच असतात, पण वरून तांबूस गंज धरतं. आणि माझी गाडी महिन्यातून दोनदा तरी घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या हवेत जाते. दुकानदारानं पाइप कापलेला असल्यामुळे परत घेतला नाही. १,६०० रुपये गेले. दुसऱ्या दुकानात खिशात चुंबक घेऊनच गेलो. एक लक्षात ठेवा: ३०४ चा पाइप वाकवला की बाकाच्या जागी थोडा चुंबक धरतो, त्यामुळे तपासायचं ते सरळ भागावर.

२१ ते २६ ऑक्टोबर

डबा आरपार जाळीचा घेतला: मधून भोकाभोकांची नळी, भोवती काचलोकर. काम सुरू झाल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, मागचा डबा एवढा भारी घेतलाय, मग मधला बारका कशाला? काढून टाका. गाडी मोकळी हुईल.” चाळीस वर्षं या कामात घालवलेला माणूस. मी ऐकलं. मधला रेझोनेटर, म्हणजे आवाज शमवणारा छोटा डबा, वगळून सरळ पाइप टाकला. या कामातली सगळ्यात महाग चूक हीच. त्यांचा अनुभव ट्रक आणि जीपचा आहे, आणि तिथं त्यांचं खरंच आहे. छोट्या बंद केबिनच्या गाडीबद्दल वाचून, मोजून मी निर्णय घ्यायला हवा होता.

दसरा मध्येच आला. खंडेनवमीला मशिनं बंद, सगळ्या हत्यारांची पूजा. दोन दिवस तसे गेले, आणि त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. ग्राइंडरला, आर्गनच्या टॉर्चला हळदकुंकू लावलेलं पाहून बरं वाटलं.

२६ ला तयार तुकडे पाहायला गेलो. बाहेरून वेल्डिंग देखणं: बारीक, एकसारखी खवल्यांची ओळ, सोनेरी-निळी झाक. मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलो तर जोडाच्या आतल्या कडेला काळे, खरबरीत दाणे फुगून आले होते, काहिलीच्या काठाला करपून चिकटलेल्या गुळासारखे. बोट फिरवलं तर कचकच लागलं आणि काळं लागलं. वेल्डिंग करताना पाइपच्या आत आर्गन वायू भरलाच नव्हता. वितळलेल्या स्टीलला आतून हवा लागली की असं होतं. जोड ठिसूळ होतो आणि पुढं तिथूनच तडकतो. पाच जोड कापून, घासून, दोन्ही तोंडं चिकटपट्टीनं बंद करून, एका टोकाला आर्गनची नळी आणि दुसऱ्या टोकाला बारीक भोक ठेवून पुन्हा केले. वेल्डिंगची सळी (फिलर रॉड) ३०८एल. जादा २,५०० रुपये आणि एक पूर्ण दिवस. बाहेरचं वेल्डिंग पाहून खूश होऊ नका, आत बघा.

२८ ऑक्टोबर

बसवलं. बेलोच्या मागे जुना पाइप फ्लँजवर सुटतो, तिथंच नवी लाइन क्लॅम्पनं जोडली. गाडीला कुठेही वेल्डिंग नाही, त्यामुळे जुनं कधीही परत बसवता येतं. हँगरची रबरं नवी टाकली.

गळती तपासायची सोपी युक्ती: आयडलला टिपवर जाड फडक्याचा बोळा काही सेकंद दाबून धरायचा आणि प्रत्येक जोडाजवळ कान न्यायचा. फुसफुस आली तर जोड ढिला. एक क्लॅम्प परत आवळावा लागला. पहिली वीस मिनिटं नव्या पाइपचं तेल जळून धूर येतो, घाबरायचं कारण नाही.

संध्याकाळी पन्हाळ्याला जाऊन आलो. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० च्या वर इंजिन असं मोकळं बोललं की वर पोचल्यावर गाडी लगेच वळवून परत खाली गेलो आणि पुन्हा चढलो.

४ नोव्हेंबर

आईला डोळे तपासायला दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याला न्यावं लागतं. कराड गेलं की तिचा डोळा लागतो तो थेट खंबाटकीत उघडतो, हे ठरलेलं. आज ती झोपलीच नाही. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, “अरे, गाडीत काहीतरी घुमतंय रे. कानाला दडे बसल्यासारखं झालंय. तुला नाही का जाणवत?”

जाणवत होतं. मीच आठवडाभर ते मनाआड करत होतो. सातव्या गिअरमध्ये १०० ते ११० ला टॅकोमीटर २,२५० च्या आसपास असतो, आणि नेमका तिथंच आख्ख्या केबिनमध्ये एक जाड, सपाट घुमारा भरतो. ९० ला कमी, १२० ला कमी. पण पुण्याचा सगळा रस्ता आपण १००–११० नेच तर जातो.

परतीला सहाव्या गिअरमध्ये आणली. ती घरी आल्यावर डोकं दुखतंय म्हणून न जेवता झोपली. ओरिजिनल डबा परत टाकायचा विचार रात्री पक्का झाला होता.

८ नोव्हेंबर

टाकण्याआधी मोजलं. ताशी १०० ला केबिनमध्ये ७० डेसिबल, म्हणजे आधीपेक्षा फक्त दोन जास्त. कान मात्र वेगळं सांगत होता. मग कळलं की साधं डेसिबल ॲप कानाच्या सरासरी संवेदनेप्रमाणे वजन लावून मोजतं आणि खालच्या पट्टीतून वीसहून जास्त डेसिबल आधीच वजा करून दाखवतं. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज ते, दाखवणारं ॲप घेतलं आणि ७५ हर्ट्झला सुळक्यासारखं शिखर दिसलं. हिशेब जुळतो: चार सिलिंडरच्या इंजिनात आरपीएमला ३० नं भागायचं, २,२५० भागिले ३० म्हणजे ७५.

बाहेरचा आवाज ९३. माझ्या अटीच्या कितीतरी वर.

१० ते १९ नोव्हेंबर

दिवाळी. वर्कशॉप बंद. गाडी उभीच ठेवली.

२२ नोव्हेंबर

मधला रेझोनेटर बसवला, ३,२०० रुपये, ३५ सेंमी लांब. बाहेरचा आवाज ९३ वरून ८६ वर आला, आणि ३,००० च्या वरची कर्कश धारही गेली. एवढ्या एका तुकड्यानं एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. ७५ हर्ट्झचं शिखर मात्र थोडंसंच खाली आलं.

३ डिसेंबर

घुमाऱ्यावरचा उपाय म्हणजे मुख्य पाइपला एक आंधळी फांदी जोडायची, एका टोकाला बंद. आवाजाची लाट त्यात शिरून बंद टोकावर आपटून परत येते तेव्हा नेमकी उलटी झालेली असते आणि मूळ आवाजाला मारते. लांबी पाव लहरीइतकी हवी. मी आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, चारनं आणि ७५ नं भागलं, ११४ सेंमी आलं. दोन इंची पाइपची फांदी, इंग्रजी यू सारखी वळवून, मागच्या बीमपाठीमागून स्टेपनीच्या खळग्याकडेनं नेली.

फिरवून पाहिली. २,६०० च्या आसपासचा सगळा आवाज गायब. २,२५० चा घुमारा जसाच्या तसा.

६ डिसेंबर

तीन रात्री विचार केल्यावर चूक सापडली. ३४३ हा वेग साध्या हवेतला. फांदीत गरम वायू असतो आणि गरम वायूत आवाज जास्त वेगानं जातो. अर्धा तास हायवेवर चालवून, लगेच उतरून फांदीवर तापमानाची गन रोखली: जोडाजवळ १३० अंश, बंद टोकाला ८५. सरासरी ११० च्या आसपास धरली तर वेग ३९० च्या पुढं जातो. म्हणजे ११४ सेंमीची फांदी ८६ हर्ट्झ मारत होती, आणि ८६ गुणिले ३० म्हणजे सुमारे २,६००. गाडीनं जे दाखवलं तेच कागदावर आलं.

१० डिसेंबर

नवी लांबी १३१ सेंमी. या वेळी टोक लगेच वेल्ड केलं नाही. टोकावर बरोबर बसणारं, क्लॅम्पनं आवळायचं सरकतं टोपण लेथवर करून घेतलं, म्हणजे तीन-चार सेंमी पुढं-मागं करता येतं. १२८, १३१, १३४ अशा तीन लांब्यांवर प्रत्येकी वीस किलोमीटर, गाडी पूर्ण तापल्यावर. १३१ ला शिखर जवळजवळ सपाट झालं. मग कायमचं बंद केलं. मिस्त्री रात्री साडेआठपर्यंत थांबले. शेवटच्या फेरीला शेजारी बसले आणि टोलनाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “घुमायचं बंद झालं की ओ.” पुढच्या गाडीला आपण हे आधीच करू, असंही त्यांनीच सांगितलं.

फांदी जोडताना ती मुख्य पाइपकडं उतरती ठेवा. बंद टोक खाली राहिलं तर तिथं पाणी साचतं आणि आतून कुजतं.

१६ डिसेंबर

आंबोलीहून आल्यावर धुताना दिसलं: टिपच्या वरचा बंपरचा काठ मऊ होऊन किंचित लोंबला आहे. थंड गाडीत मी ६ मिमी जागा सोडली होती. अडीच मीटरची स्टेनलेसची लाइन २०० अंशांनी तापली की साधारण साडेआठ मिमी लांबते, आणि डब्याच्या वजनानं मागचं रबर हलतं ते वेगळं. टिप ४० मिमीनं कापून आत घेतली, भोवती २० मिमी मोकळं ठेवलं. ४०० रुपये. बंपरची कड तशीच राहिली आहे.

२३ डिसेंबर

शेवटची मोजमापं. केबिन ताशी १०० ला ६८, आधीइतकंच. बाहेर ८६, ओरिजिनलपेक्षा दोन जास्त. ६० ते १०० ला ७.० सेकंद, म्हणजे फरक शून्यच धरा. टर्बो गाडीत अडचण टर्बोच्या तोंडाशी आणि कॅटकॉनमध्ये असते. ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) ठरवलेलं बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, तेच असताना मागचा डबा बदलून पॉवर येत नाही. कुणी दहा-पंधरा पीएस सांगून डबा विकत असेल तर घेऊ नका. वजन मोजलं: जुनी लाइन ११.४ किलो, नवी फांदीसकट ११.९. म्हणजे तिथंही कमाई नाही. मिळाला तो आवाज, आणि न गंजणारं स्टील.

पीयूसी पहिल्या फटक्यात पास. कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के, बीएस-४ साठी मर्यादा ०.३. कॅटकॉन तसाच ठेवल्याचा फायदा.

६ जानेवारी २०२४

पुणे, आईसकट. निघताना काही सांगितलं नाही. पेठ नाक्याला ती जागी होती, कराडच्या पुलावर कोयनेला हात जोडले, आणि उंब्रजच्या आधी तिची मान खिडकीकडं कलली. खंबाटकीचा बोगदा यायच्या आत मी एकदाही गिअर बदलला नाही.

खर्च

पाइप २,२००, तयार बाक पाच २,२५०, डबा ७,५००, रेझोनेटर ३,२००, क्लॅम्प-फ्लँज-रबरं १,४००, पहिली मजुरी ६,०००, आतून करपलेले जोड पुन्हा करायला २,५००, आंधळी फांदी दोन्ही वेळचं धरून ३,३००, टिप ४००, वाया गेलेला पाइप १,६००. एकूण ३०,३५०. त्यात निव्वळ चुकांचे साडेचार हजार, पहिल्या फांदीचं निराळं. वेळ अडीच महिने; चुका झाल्या नसत्या तर आठ-दहा दिवसांचं काम.

२० ऑक्टोबर २०२४

पावसाळा संपल्यावर पुन्हा रॅम्प. मीटर ९७,१००. पाइप आणि जोड स्वच्छ, बेलोजवळ फक्त तापल्याची तांबूस झाक. मधल्या हँगरच्या सळीला वेल्डजवळ केसाएवढी तड दिसली. सळी ८ मिमीची होती, १० मिमीची लावली आणि मुळाशी छोटी पट्टी दिली. क्लॅम्पचे बोल्ट मात्र साध्या लोखंडाचे निघाले, गंजून पार जाम. एक कापूनच काढावा लागला. चारही बोल्ट स्टेनलेसचे टाकले, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं. १८० रुपये. जुनी लाइन माळ्यावर तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे, भोकांना पत्र्याचं ठिगळ मारून.